कापलेलं परत जोडणं

टीव्ही नुकते रंगीत होऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. मुलुंडला आमच्या तळमजल्याच्या व्हरांड्यात मी चिखलातल्या शर्यतींत पळालेली एक जुनी मोटारसायकल सुटी करून ठेवली होती. "रविवारपर्यंत जोडली नाहीस, तर भंगारवाल्याला बोलावणार," आईने बजावलं होतं.

मासे विकणारी एक मावशी रोज पाटी उतरवून तिथेच टेकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. वर्तमानपत्रावर मांडलेले पार्ट ती गिऱ्हाइकाच्या नजरेने बघायची. एकदा तिने पिस्टन उचलला, अंगठ्याने दाबला, हुंगला आणि खाली ठेवला.

"शिळा हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी पन रोज कापते रे दादा, पन परत जोडायला नाय बसत."

रविवारी आठव्या किकला गाडी सुरू झाली. मी रुबाबात कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथे ती जी बंद पडली, ती पडलीच. मान खाली घालून ढकलत परत येताना गाडी अचानक हलकी लागली. वळून पाहिलं, तर मागे मावशी. एक हात डोक्यावरच्या पाटीला, दुसरा गाडीच्या सीटला.

दारात आई उभीच होती.

"काय बसवायचं राहिलं?" मावशीने मला विचारलं.

सकाळी उरलेली एक स्प्रिंग मी गुपचूप खिशात टाकली होती. ती काढून दिली. मावशीने ती आईला दाखवली. "राहू दे बाय दोन दिवस. एवढंच उरलंय."

मग स्प्रिंग माझ्या हातात ठेवत हळूच म्हणाली, "आमच्यात उरलेलं मांजर तरी खातं."