हर्षलाने थोपटलेला जोड

कमलेशच्या घरून लग्नाला नकार आला म्हणून हर्षलाने त्याने वेल्डिंग केलेला जोड नापास केला, अशी कुजबुज साजगावच्या टपरीवर उठली आणि चहा निवायच्या आत आमच्या पळसदरीत पोचली.

कमलेशच्या घरचे शेजारी हर्षलाकडे पोहे खायला आले होते, हे मी आमच्या ओट्यावरून स्वतः पाहिलंय. मागून घेतले त्यांनी पोहे. मग निरोप धाडला, मुलगी पुरुषांत काम करते, जमायचं नाही. त्या पुरुषांतच त्यांचा कमलेश वेल्डिंग करतो, तेवढं मात्र सोयीने विसरले.

हर्षला साजगावच्या एका कारखान्यात पाइपांचे जोड तपासते. आळीतल्या बाया म्हणतात, पोरगी पायपांची सोनोग्राफी करते. चुकीचं नाही ते. जोडाशेजारी वंगण फासायचं, त्यावरून काड्यापेटीएवढा प्रोब फिरवायचा. त्यातून आत जाणारा आवाज माणसाला ऐकू येत नाही, पण भेगेला आपटला की मागे फिरतो आणि मशीनच्या पडद्यावर उंच टोक उभं राहतं.

बॉयलरच्या एका जाड पाइपावर तसं टोक आलं. जोड कमलेशचा. फोरमन पोपटदादा म्हणाले, वेल्डिंगचा वर आलेला फुगवटाच आवाज परतवतोय, सोड. नकाराची गोष्ट तिथे सगळ्यांना ठाऊक. जोड फोडून काही निघालं नसतं, तर हर्षलाच्या शब्दावर त्या कारखान्यात पुन्हा कुणी विश्वास ठेवला नसता.

तिने तेलाचं बोट फुगवट्यावर थोपटलं. आवाज फुगवट्यावरून परतत असला, तर थोपटताना पडद्यावरचं टोक थरथरतं. ते हललं नाही.

कमलेश सगळ्यांदेखत म्हणाला, "राग माज्यावर काढ गं. पायपानं काय केलंय?"

"ये, तूच थोपट," ती म्हणाली.

त्याने थोपटलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा थोपटलं. मग हात पँटीला पुसत म्हणाला, "पोपटदादा, ग्राइंडर आना. त्या दिवशी पांघरून मीच लवकर काढलंय. हळदीला जायाचं व्हतं."

असल्या पोलादाचा जोड गरम असतानाच जाड पांघरुणात गुंडाळून सावकाश निवू द्यायचा असतो, नाहीतर तो मागाहून तडकतो. आणि आमच्याकडे माणूस एक वेळ लग्न चुकवेल, हळद नाही. मामेभावाच्या दारात डीजे सुरू झाल्याचा फोन आला, तसं कमलेशने पांघरूण ओढलं आणि मोटारसायकल काढली.

ग्राइंडरने घासत खाली गेले. लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पूड मारली. भेगेत मुरलेला रंग वर आला आणि पुडीत लाल रेघ उमटली. वेल्डरची परीक्षा पुन्हा देईपर्यंत कमलेश हेल्पर झाला. त्याच्या आईने मात्र गावात सुडाचीच गोष्ट लावून धरली.

नकार आला होता. हर्षलाला त्याचा रागही आला होता, तिनेच मला सांगितलं. जोडाला मुळाशी भेग होती, म्हणून तो नापास झाला.