नाही म्हटलं तर

फ्रीमाँटमध्ये आम्ही पाच-सहा घरं मिळून रविवारी बुद्धवंदनेला जमतो. वंदना, मग जेवण, मग वाद. निवडणूक जवळ आली की वादाला जरा शिस्त लागते. कॅलिफोर्नियात माणसं निवडतानाच कायद्यांवरही लोकांचं मत घेतात, आणि ते प्रस्ताव वाचताना भल्याभल्यांना घाम फुटतो. म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकतो. ज्याच्या वाट्याला जो प्रस्ताव येईल त्यानं तो वाचून बाकीच्यांना समजावायचा. मत ज्याचं त्यानं ठरवायचं.

नागरिक झाल्यावर मी पहिल्यांदाच मत देणार होते. माझ्या चिठ्ठीत आलं: तुरुंगातल्या माणसांकडून सक्तीनं काम करून घेणं बंद करावं का?

मला हसूच आलं. नुकतीच आमच्याकडे घरफोडी झाली होती आणि नागपूरहून आलेल्या आईच्या पाटल्या गेल्या होत्या. फिरायला जाताना बाहेर कुणी हिसकावेल म्हणून तिनंच त्या कपाटात ठेवलेल्या. चोर सापडला नव्हता. सापडला तर त्याला खडी फोडायला लावावी, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. दुसरीकडे वेठबिगारी हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा उच्चारला जातो. हे दोन्ही माझ्या एकाच डोक्यात सुखानं कसं नांदतं, याचं मला नवल वाटत होतं.

रविवारी मी दोन्ही बाजू मांडल्या. नवरा म्हणाला, घासू दे ना यार भांडी, पिकनिकला गेलाय का तो. एका काकांच्या मते प्रश्नच नव्हता, सक्ती म्हणजे सक्ती. दोघांचंही मला पटत होतं.

आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिला इथं मत नाही. पाटल्या मात्र तिच्या.

"तो नाही म्हणला तं?" तिनं विचारलं.

एवढं वाचूनही हे मी पाहिलंच नव्हतं. तिथल्या तिथे फोनवर शोधलं आणि सांगितलं, शिक्षा होते, घरच्यांशी फोनवर बोलणंसुद्धा बंद होऊ शकतं.

"माह्या बापानं मेलेलं ढोर ओढाले नाही म्हटलं," आई म्हणाली, "तं गावानं आमचं दळण बंद केलं होतं."

हे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. कुणी बंद केलं, किती दिवस, मग तुम्ही खाल्लं काय, मी विचारतच सुटले. ज्वारी उकडून, एवढंच ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

टपालानं आलेली मतपत्रिका घरी भरताना ती शेजारी येऊन बसली. मी 'होय'चा गोल काळा केला. चोराला सोडलं का, तिनं विचारलं. नाही, म्हटलं, तुरुंग आहेच, फक्त कामाला त्याला नाही म्हणता येईल.

"म्हणू दे," आई म्हणाली. मतपत्रिकेच्या पाकिटाची चिकटवलेली कड तिनं रिकाम्या मनगटानं दाबून धरली. "पण सापडला तं माह्या पाटल्या घेजो त्याच्याकडून."