कवीच्या अंगणातला संत्रा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. धरमपेठेत, एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावरच्या आपल्या शिकवणीत जितेंद्र निनावे सरांनी इंग्रज कवीला खोकला लावला होता. साडेसहाला रक्त, पावणेसातला मृत्यू, उरलेल्या वेळात काव्यवैशिष्ट्यं. वर्गात त्याला नुसतं 'कवी' म्हणतात, कारण अभ्यासक्रमात दुसरा नाही. 'जीवन आणि कार्य' हा वीस मार्कांचा प्रश्न सर बावीस वर्षं शिकवत आहेत आणि कवी एकदाही उशिरा मेलेला नाही.

सर उमरेडच्या विणकर घरातले. इंग्लंड त्यांनी पाहिलेलं नाही. कवीनेही उमरेड पाहिलं नव्हतं, तेव्हा फिट्टमफाट.

बिनसलं ते एका झाडावरून. फार वर्षांपूर्वी नरखेडच्या एका मुलाने विचारलं होतं, "सर, कवीच्या अंगणातल्या सफरचंदाले फूल कसं येते?" सरांनी सफरचंदाचं झाड पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "आपल्या संत्र्यासारखं समज." पुढच्या वर्षी त्यातलं 'सारखं' गळालं. त्याच्या पुढच्या वर्षी मागच्या बाकावरून कोणी ओरडलं, "आंबिया बहार का मृग, सर?" संत्र्याला बहार दोनच, हिवाळ्यातला आंबिया आणि पावसाळ्यातला मृग; वर्ग हसला. सरांनी गंभीरपणे सांगितलं, "आंबिया." मुलांनी तेही उतरवून घेतलं. मार्क पूर्ण मिळत गेले. पेपर तपासणारे याच वर्गातून शिकून गेले होते.

यंदा मात्र पेपर तपासायला वेदिका काळबांडे आल्या. नव्या प्राध्यापिका, इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या. त्यांनी ठरवलं, संत्रा लिहिणाऱ्याला शून्य. अशी गोष्ट गुप्त ठेवायचा नियम आहे, म्हणून ती संध्याकाळपर्यंत धरमपेठेतल्या प्रत्येक चहाटपरीवर पोहोचली. वर्गातली सगळी पोरं नापास होणार होती, आणि पोरांमागोमाग वर्गही.

सर वेदिकाताईंच्या घरी गेले.

"सर, तिथे थंडीत नळ गोठतात. संत्रा जगेल कसा?"

"मॅडम, विलायतेतले श्रीमंत लोक काचघरात संत्री लावत."

"कवी श्रीमंत होता?"

कवीकडे औषधालाही पैसे नव्हते, हे सरांचंच ठेवणीतलं वाक्य होतं. त्यावर मुली दर वर्षी डोळे पुसत.

"पोरांनी मी सांगितलं तेच लिहिलं," ते म्हणाले. "शून्य मले द्या."

"तुम्ही परीक्षेला बसला नव्हता," वेदिकाताई म्हणाल्या, आणि त्यांनी पंखा वाढवला.

रात्री सरांनी परीक्षा मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. डॉ. कुशल पराते, सरांच्या एका जुन्या बॅचचे.

"सर, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिले?"

"कुशल, बाई खरं बोलून राहिली गा."

"खरं असन. पण माझ्या पीएचडीचं तिसरं प्रकरणच 'कवीच्या काव्यातील संत्रा' आहे. झाड तोडलं तर मी कुठं बसू?"

काल मंडळाची बैठक झाली. कवीच्या काळातल्या हवामानाबाबत विद्वानांत मतभेद आहेत, असं ठरलं. असे विद्वान कोण, हे कुणी विचारलं नाही. संत्र्याला पूर्ण गुण मिळाले. वेदिकाताईंचं वेगळं मत नोंदवण्यात आलं, मग चहा आला. पुढच्या वर्षी त्यांना तपासणीचा त्रास द्यायचा नाही, हेही एकमताने मंजूर झालं.

तर आज पावणेसातला कवी मेला. पुढच्या परीक्षेला बसणाऱ्या, पहिल्या बाकावरच्या प्रणालीने हात वर केला.

"सर, घरी म्हणतात ते सफरचंद होतं म्हणून. खरं काय?"

सगळ्या वर्गाचे पेन थांबले. सरांना खरं बोलायला एवढी चांगली संधी बावीस वर्षांत आली नव्हती.

"खरं सफरचंद," ते म्हणाले.

"मग पेपरात?"

सरांनी डस्टर उचललं, फळा निम्मा पुसला.

"संत्रा."

"आंबिया, सर?"

"आंबिया."

पेन पुन्हा चालू लागले. उद्यापासून नवी बॅच आहे. सकाळी सहाला कवीचा जन्म.