नवे टायर मागे

हवामामांना कुणाच्या घरी कार्याला न्यायचं म्हटलं की मामी यजमानांची आधीच माफी मागून ठेवत. सगळी माणसं आत गप्पा मारत असत आणि हे बाहेर उभ्या गाड्यांच्या टायरांवरून तळवा फिरवत बसत. रबराची कड हाताला टोचली की यजमानाला जेवणावरून उठवून बाहेर आणत. "आतल्या बाजूने खातंय बघा. चाकाचा कोन तपासून घ्या." यजमानीण मामींकडे बघे आणि मामी छताकडे.

टायरच्या दुकानात त्यांची बत्तीस वर्षं गेली. गल्लीतली पोरं सायकलीत हवा भरायला त्यांच्याकडेच येत, म्हणून ते हवामामा. थोरल्या मालकांनी त्यांना पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवली होती: दोनच टायर नवे घ्यायचे असतील, तर ते मागे बसवायचे. पुढची चाकं घसरली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते, पण तोंड पुढेच राहतं; माणूस ॲक्सिलरेटरवरचा पाय आवरून सावरू शकतो. मागची घसरली की गाडी गरकन फिरते, मग कुणाचं काही चालत नाही. थोरले मालक गेले, खुर्चीत धाकटे मालक आले. काचेची खोली आली, कॉफीचं यंत्र आलं आणि त्याबरोबर 'गिऱ्हाईक म्हणेल तसं' हेही आलं.

मंगळवारी दातांचे डॉक्टर आपली निळी स्पोर्ट्स कार घेऊन आले. बसकी, रुंद गाडी. नुसती सुरू केली तरी दुकानाच्या काचा थरथरत. इंजिनाचा सगळा जोर मागच्या दोन चाकांना, म्हणून मागचे टायर पार गुळगुळीत झालेले. पुढचेही निम्म्याहून जास्त झिजलेले. डॉक्टर म्हणाले, "मागचे फेकून द्या. पुढचे काढून मागे लावा आणि नवे दोन पुढे."

"नवे मागे लावू, डॉक्टर. पुढचे आहेत तिथेच राहू देत."

"मामा, स्टिअरिंग कुठल्या चाकांना असतं? पुढच्या ना?"

"आणि गाडी ढकलतं कोण? तुमच्याकडे दाढ किडली म्हणून आलो, तर पुढचे दात चकचकीत करून घरी पाठवाल का मला?"

डॉक्टर हसले, धाकटे मालक मात्र हसले नाहीत. "मामा, सांगतात तसं करा. त्या गाडीत कॉम्प्युटर आहे, तो घसरू देत नाही."

"कॉम्प्युटर रस्त्याला टेकतो का, मालक? टेकतं ते एवढंच." मामांनी आपला काळा तळवा पुढे केला. "एका चाकाला एवढंसं रबर."

पण मालकांनी डोळे वटारले आणि मामांनी मुकाट्याने नवे टायर पुढे बसवले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. या एका गोष्टीसाठी ते स्वतःला अजून माफ करत नाहीत.

शनिवारी तीच गाडी परत आली. मागचा कोपरा चेपलेला, दिवा फुटलेला. डॉक्टरांबरोबर त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी होती, तिच्या मनगटाला प्लास्टर. "तुमच्या माणसाने चाक सैल बसवलं!" डॉक्टर ओरडले. "पोरगी थोडक्यात वाचली माझी!"

धाकट्या मालकांनी मामांना हवेच्या टाकीमागे नेलं. "नट सैल राहिला म्हणा आणि माफी मागून मोकळे व्हा. यांच्या ओळखीने किती गाड्या येतात इथे! मी तुम्हाला कामावरून काढणार नाही."

काय उपकार! सगळे नट मामांनी स्वतः आवळून दोनदा तपासले होते. पण नावाला बट्टा लागण्यापेक्षा त्यांना दुसरंच काही जाळत होतं. माफी मागितली असती तर कुणीतरी नटांवर पाना फिरवला असता, गाडी तशीच परत गेली असती आणि पुढच्या ओल्या वळणावर पुन्हा फिरली असती. आणि ही पोर शेजारच्या सीटवरच बसलेली असती.

ते सरळ मुलीपाशी गेले. "काय झालं ते तू सांग, बाळ."

"रस्ता ओला होता. वळणावरच बाबांनी जोरात पळवली. मग मागून कुणीतरी बाजूला ओढल्यासारखं झालं. बाबांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, आणि आम्ही उलट तोंडाने कठड्यावर."

"एकदम काढला?"

"तू गप्प बस," डॉक्टर मुलीला म्हणाले. मामांना उत्तर मिळालं.

"ऐका, डॉक्टर. एका हातात भरलेली बादली आहे आणि त्याच हाताने दाराची कडी काढायची आहे. जमेल? तुमच्या मागच्या चाकांचं तेच झालं. गाडी ढकलायची त्यांनीच आणि वळणावर रस्ता धरून ठेवायचा तोही त्यांनीच. ढकलण्यातच पकड संपली. वर तुम्ही घाबरून पाय काढलात, सगळा भार पुढे गेला, मागचं अंग हलकं झालं. राहिलं काय धरायला?" मामांचा आवाज चढला होता. "चूक माझीही आहे. नटाची नव्हे. तुमचं ऐकलं, ती!"

त्यांनी जॅक ओढला.

"मामा, जॅक खाली ठेवा," धाकटे मालक गुरगुरले.

"ठेवतो की. चारही चाकं झाली की ठेवतो."

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही!" डॉक्टर पुढे आले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "मग मी रिक्षाने जाते. तुम्ही या गाडीने."

डॉक्टर थांबले. तिच्या प्लास्टरकडे बघितलं, खिशातला फोन काढला आणि न वाजलेल्या फोनवर बोलत काचेच्या खोलीत निघून गेले. मामांनी चारही चाकं उतरवली. नवे टायर मागे, झिजलेले पुढे. एकेक नट हाताने आवळला. पुढचेही लवकर बदला, पण तेव्हाही नवे मागेच लावा, हे त्यांनी मुलीला दोनदा बजावलं आणि तिच्या चांगल्या हाताचा तळवा दोन्ही रबरांवरून फिरवून दाखवला.

जाताना डॉक्टर मामांच्या समोरून सरळ पुढे निघून गेले. धाकट्या मालकांना मात्र म्हणाले, "माणसं जरा तोलामोलाची ठेवा." आणि मालकांनी मान डोलावली! त्याच थोरल्या मालकांच्या मुलाने, ज्यांनी मामांच्या हातात पहिला पाना दिला होता.

"सोमवारी येऊ नका," असं मालकांनी संध्याकाळी शटर ओढताना मामांना सांगितलं.

मामींनी सगळं ऐकलं, हातातली परात आदळली आणि त्या डॉक्टरांच्या सात पिढ्यांच्या दातांचा उद्धार केला. मग विचारलं, "पोरगी बसली शेवटी त्या गाडीत?"

"बसली. आधी वाकून मागचे टायर बघितले, मग बसली."

"मग जेवून घ्या," मामी म्हणाल्या. "सोमवारी मी येते तुमच्याबरोबर त्या दुकानात. बघू कोण येऊ नका म्हणतं ते."