बाबांनी दिलेला हात

लेकीच्या शाळेच्या हॉलमध्ये आज फरशीच्या मेणाचा वास आला आणि मला जर्मनीतल्या कार्ल्सरूहेतला तो जुना लाकडी हॉल आठवला.

तिथे आम्ही कॉन्ट्रा डान्स करायचो. समोरासमोर दोन रांगा, आणि नाचत पुढे सरकताना रांगेतल्या प्रत्येकाचा हात धरायचा. पुरुष-बाई असं काही नाही, कुणीही कुठेही उभं राहावं. पुढे काय करायचं ते मी माईकवरून सांगायचे. घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे भेटीला आलेल्या बाबांना हेही दाखवायचं होतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, तर आमच्या नाचाच्या गटातल्या म्हाताऱ्या रेनाटेनं त्यांना सरळ रांगेत ओढलं.

बाबा हात मागे बांधून उभे. माझ्या लहानपणी गावात लोक शिवाशिव नको म्हणून त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, ते मला आठवलं. संगीत सुरू झालं. मी जर्मनमध्ये सूचना दिली, मग घाबरून मराठीत ओरडले, "बाबा, हात द्या हो!" बाबांनी हात पुढे केला. एकेक जण तो धरत गेला आणि मी पुढचं सांगायचंच विसरले.

परतताना ट्राममध्ये ते म्हणाले, "आडनाव कुणीच विचारलं नाही गं."

"इथे नाही विचारत. आवडलं ना?"

घरी आल्यावर बाबा काकांना फोनवर म्हणाले, "पोरगी बोलते अन् अख्खा हॉल ऐकतो!"

हातांबद्दल अक्षरही नाही. मला वाटलं होतं, ते आधी तेच सांगतील. का नाही सांगितलं, ते मला अजून कळत नाही.