डोंगरातल्या बाईला वन्समोअर

१२ फेब्रुवारी २००९, गुरुवार. ठरलेले मानधन पाचशे दिरहम, तेव्हाच्या सव्वातेराच्या भावाने सहा हजार सहाशे पंचवीस रुपये. तिकीट मंडळाचे. हजर मी, पत्नी सुनंदा आणि रद्दीवाल्याकडून मागून आणलेल्या काट्यावर ठेवलेली माझी पेटी. वजन तेरा किलो सातशे.

"एवढ्या वजनात चार महिन्यांचे पापड गेले असते," सुनंदा म्हणाली.

मी मिरजेच्या एका सहकारी बँकेत हिशेब तपासतो आणि संध्याकाळी पेटी वाजवतो. दुबईतल्या एका हौशी मराठी नाट्यमंडळाच्या पेटीवाल्याची मंदीत नोकरी गेली, तो नाशिकला परतला. माझा मावसभाऊ विनायक त्या मंडळाचा दिग्दर्शक. त्याचा फोन आला, "दादा, आठ दिवसांवर प्रयोग आहे. तूच ये."

दुबईच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने पेटी उघडायला लावली. हे काय, म्हणून विचारले. मी तिथेच बसकण मारून एका जुन्या हिंदी गाण्याच्या दोन ओळी वाजवल्या. त्याने मान डोलावली. "माशाल्ला! खलास (झालं). यल्ला (चला), हबीबी!" माझ्या मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. परदेशातला माझा पहिला कार्यक्रम असा फुकट झाला.

विनायक डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो. तिथवर जाताना मी सत्तावीस क्रेन मोजल्या. हलत होत्या चार.

"उद्या शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे आज सगळे लवकर घरी गेले असतील," मी म्हणालो.

"दादा, गेले दोन महिने त्या तशाच उभ्या आहेत," विनायक म्हणाला आणि त्याने रेडिओ लावला.

नाटकाची हकीकत अशी. विनायकच्या ऑफिसात सिग्रिड नावाच्या नॉर्वेच्या बाई आहेत. त्यांच्या खोऱ्यातल्या एका शाळामास्तरांनी तिकडच्या लोककथांवर कविता लिहिल्या होत्या. बाईंनी त्या ओळीन्‌ओळ इंग्रजीतून समजावल्या आणि विनायकने त्यांचे संगीत नाटक केले. त्यात हुल्द्रा (डोंगराच्या पोटात राहणारी, गाईची शेपटी असलेली देखणी बाई) एका गुराखी मुलीला हाका मारते. आत सोन्याचे घर आहे, ये म्हणते. दोन हाकांपर्यंत मुलीची सुटका आहे. तिसरी ऐकली की ती कायमची डोंगरात. नाटकात दोनच हाका होत्या, म्हणजे एकच पद दोनदा. दुसऱ्या हाकेनंतर मुलगी घरी पळते.

तालीम रास अल खोरला, एका सभासदाच्या प्लायवुडच्या गोदामात. हुल्द्रा झाली होती नीलम. वय चाळीसच्या आसपास, आवाज असा की पहिल्या तानेला माझा भाता चुकला. तिच्या नवऱ्याची बांधकाम कंपनीतली नोकरी गेली होती. व्हिसा रद्द, मुदत संपत आलेली, शनिवारचे तिकीट हातात. म्हणून मार्चमधला प्रयोग अलीकडे, शुक्रवार, वीस फेब्रुवारीवर आणला होता. तिला घर रिकामे करायचे होते, त्यामुळे तालमीला रोज उरलेल्या पिठांची थालीपीठे. सोमवारचे तीन पिठांचे होते, बुधवारचे सहा. बुधवारचे जास्त चांगले.

"दादा," डबा पुढे करत ती म्हणाली, "अकरा वर्षं या मंडळात गातेय. मला एकदासुद्धा वन्समोअर मिळालेला नाही. इथे सगळ्यांना पार्किंगची घाई."

"आणि या वेळी मिळाला तरी घ्यायचा नाही!" विनायक गोदामाच्या टोकावरून ओरडला. "एक हाक वाढली की गोष्टच मेली. शिवाय हॉल सातपर्यंत. दादा, तू सूर द्यायचा नाहीस. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. नियमाचे मला वावडे नाही. नीलमने माझ्या ताटातले अर्धे थालीपीठ परत घेतले.

मंगळवारी शेपटीसाठी शारजाला, रोल्लाच्या बाजारात गेलो. बरोबर नीलम आणि गुराखी मुलगी करणारी इरा. इरा सोळा वर्षांची, तिथेच वाढलेली. मराठीत विचारले तरी उत्तर इंग्रजीत. एका मल्याळी दुकानदाराने गंगावने दाखवली.

"कितना लंबा बाल चाहिए, मॅडम?"

"घुटने तक. पूंछ बनानी है."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साहब के लिए?"

इरा हसून हसून खाली बसली. विनायकने दिलेल्या पैशांतून अठरा दिरहमना गंगावन घेतले. दोनशे अडतीस रुपये पन्नास पैसे. तालमीत ते पिनेने लावले, तर दर वेळी सुटायचे. सिग्रिडबाई म्हणाल्या, काळजी नको. हुल्द्रा माणसाच्या घरात गेली की तिची शेपटी आपोआपच गळते.

शुक्रवारी दुपारी साडेचारला एका शाळेच्या सभागृहात पडदा उघडला. दुसऱ्या अंकात पहिली हाक आली. नीलम वरच्या षड्‌जावर गेली आणि तिथून घसरत खाली अशी आली की कोणी खोकलेसुद्धा नाही. मग मागून एक आवाज, "वन्समोअर!" मग दहा आणि मग सगळे सभागृह. पार्किंगची घाईवाले उभे राहिले होते.

नीलमने माझ्याकडे पाहिले. विंगेतून विनायक दोन्ही हातांनी नाही म्हणत होता. सहा वाजून दोन मिनिटे झाली होती. आयुष्यात तोवर मी कबूल केलेली गोष्ट मोडलेली नव्हती. मी सूर दिला.

ती पहिल्यापेक्षा चांगली गायली. टाळ्या थांबल्या आणि मी हिशेब केला. दोन हाका झाल्या होत्या, आणि नाटकातली ठरलेली दुसरी हाक अजून बाकी होती. पहिल्या रांगेत सिग्रिडबाईंनी हळूच तीन बोटे वर केली. इरानेही ती पाहिली.

त्या हाकेशिवाय नाटक पुढे सरकत नव्हते, त्यामुळे नीलम थांबू शकत नव्हती. तिने तिसऱ्यांदा हाक घातली. इरा पळालीच नाही. ती सरळ हुल्द्रेपाशी गेली, तिचा हात धरला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "मावशी, मी नाही येत तुमच्या डोंगरात. तुम्हीच चला आमच्याकडे. आई वाट बघतेय. जेवायला बसू."

हे कुठेच लिहिलेले नव्हते. तिने हात ओढला, नीलम एक पाऊल पुढे आली, आणि मागे गंगावन सुटून रंगमंचावर पडले.

सिग्रिडबाई उठून उभ्या राहिल्या. "करेक्ट!" त्या ओरडल्या. "व्हेरी करेक्ट!" बाकीचे सभागृह तर उभेच होते. नीलम हसत होती आणि रडत होती, आणि मी समाप्तीचे पद वरच्या पट्टीत सुरू केले, कारण काळी दोन कुठे आणि तीन कुठे हे मला दिसत नव्हते. त्यालाही वन्समोअर आला. विनायकने विंगेतून दोन्ही हातांनी "घ्या, घ्या" केले.

शनिवारी आम्ही सगळे तिला विमानतळावर पोचवायला गेलो. इरा तिला बिलगून म्हणाली, "मावशी, पुण्याला पोचलात की फोन करा." नीलमच्या पर्समधून गंगावनाचे टोक डोकावत होते.

रविवारी मी परतलो. सुनंदाने विचारले, "किती उरले?" मी खरे ते सांगितले. सभागृह सात वाजून अकरा मिनिटांनी रिकामे झाले, आणि जादा अर्ध्या तासाचे भाडे लागले. मंडळ देत होते, मी देऊ दिले नाही. सूर माझा होता. नोकरी गेलेल्या माणसाला दुबईने परत पाठवले हे खरे, पण त्याच गावात एका मुलीने डोंगराला जेवायला बोलावलेले मी पाहिले, आणि ते मला महाग वाटले नाही.

मानधनातून दिले ते असे: सभागृहाच्या व्यवस्थापकांना दोनशे पन्नास दिरहम, पावती जोडली आहे, आणि रोल्लाच्या दुकानाचे अठरा विनायकला, कारण शेपटी नीलमला माझ्यातर्फे.