डावखुरा डाकू

सिनेमा मी गप्प बसून बघत नाही. पडद्यावरचा माणूस खोटं वागला की मी त्याला तिथल्या तिथं सुनावतो, मग घरातली कितीही म्हणोत, "आबा, ऐकू द्या की." माझी शाळा तिसरीत सुटली. पण सिनेमे मी पोरवयापासून बघत आलोय आणि माझी मतं कुणाला विचारून बनवत नाही. मुलानं भिंत भरेल एवढा टीव्ही आणल्यापासून दुपारचा एक सिनेमा ठरलेला. सून लावून देते. एक दिवस नवा, एक दिवस जुना, हा नियम माझा.

मागं एक नवा बघितला, आमच्या मावळातल्या मावळ्यांचा. धो धो पावसात गड चढतात आणि पाय बघावेत तर नुकते धुतल्यासारखे. आमच्याकडं भर पावसाळ्यात पायाला चिखल नाही असा माणूस खाटेवर पडलेलाच असणार. गड दिसला तसा मी म्हणालो, हा डोंगर आपल्याकडचा नाही. सून म्हणाली, "आबा, तो कुठलाच नाही. कॉम्प्युटरवर केलाय." रागवायचं राहिलं आणि नवलच वाटायला लागलं. डोंगर करता येतो? धुकं? तेही येतं म्हणे. मग पायाला थोडा चिखल लावायला काय झालं होतं?

दुसऱ्या एकात नटी भुशीच्या धरणाच्या पायऱ्यांवर एकटी नाचते. एकटी! भजीवाला नाही, कणसाचा धूर नाही, पाण्यात बसकण मारलेली मुंबईची माणसं नाहीत. ती सगळी हटवली कशी, हे मला कुणीतरी सांगावं. रविवारी आमच्या पोलिसांना ते जमत नाही.

आणि एक असा बघितला की त्यात एक म्हातारा स्टेशनावर बसून राहतो. कुणाची वाट बघतो ते सांगत नाही, गाडी येते, जाते, सिनेमा संपतो. मी रिमोट आपटला. पण पुढं कितीतरी दिवस गोठा झाडताना तो म्हातारा डोळ्यासमोर यायचा. कोण यायचं होतं त्याचं? मी वाईट ठरवलेला सिनेमा असा मागं का लागावा, ते मला अजून उलगडलेलं नाही.

हे सगळं चाललं होतं, पण ह्या हिवाळ्यात घरात एक वेगळीच काळजी शिरली होती. माझ्या बायकोची.

झालं असं की एके दिवशी गॅस चालू राहिला आणि डाळ जळून कोळसा झाली. मग एकदा तिनं मुलाला त्याच्या चुलत्याच्या नावानं हाक मारली. पुढच्याच आठवड्यात चष्मा फडताळातल्या डब्यात सापडला. मुलगा आंबीच्या बाजूला कंपनीत आहे, तिथं त्याच्या बरोबरच्या एकाची आई अशीच विसरत विसरत घरातून निघून गेली होती. तेव्हापासून त्यानं धसका घेतला. तळेगावच्या डॉक्टरकडं डोक्याच्या तपासणीचा दिवस ठरवला आणि तोवर घरात हुकूम काढला : आईनं गॅसला हात लावायचा नाही आणि एकटीनं वावरात जायचं नाही.

गॅसचं तिनं ऐकून घेतलं. वावराचं तिला लागलं. आमचा एक तुकडा एक्स्प्रेस रस्त्याच्या पलीकडं आहे, खालच्या बोगद्यातून जावं लागतं. भात निघाल्यावर तिथं हरभरा असतो आणि त्याची कोवळी भाजी खुडायला ती लग्न होऊन आल्यापासून एकटी जाते. तो तिचा वेळ. तिथं ती काय करते, कुणाशी बोलते, मी कधी विचारलं नाही. आता ती ओटीवर बसून तांदूळ निवडायची. निवडलेलेच परत निवडायची.

अशात एका सुट्टीच्या दिवशी सुनेनं जुना सिनेमा लावला. काळा-पांढरा, डाकूचा. मी पहिल्याच गाण्याला ओळखला. आमचं लग्न झालं त्या वर्षी गावच्या जत्रेत तंबू लागला होता, त्यात आम्ही दोघांनी तो बघितला होता, पुढच्या दोन जत्रांतही तोच. मी बायकोला हाक मारून आणलं. मुलगाही बसला.

तिला सिनेमा तोंडपाठ. आता शेळी येईल, म्हणाली, आली. आता सासू रडायचं सोंग करील, केलं. मी खूश. मग ती म्हणाली, "आता बघा, डाव्या हातानं बंदूक उचलतोय."

डाकूनं उजव्या हातानं उचलली.

"हा तो न्हाई," ती म्हणाली.

"तोच हाय," मी म्हणालो.

"मग देऊळ कुटं गेलं? उजव्या अंगाला देऊळ होतं."

देऊळ डावीकडं होतं. मला चेव आला. चूक दिसली की मी सोडत नाही, मग ती बायकोची का असेना. "अगं, डावखुरा डाकू कुटं बघितलास तू?"

"डोळ्यानं बघितलाय! तो जेवलाबी डाव्याच हातानं. आमी बाया कितीतरी हसलो. डाकू झाला म्हणून काय डाव्या हातानं जेवायचं?"

थोड्या वेळानं डाकू जेवायला बसला. उजव्या हातानं जेवला.

मुलानं सुनेकडं बघितलं, तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. तेवढ्यानं म्हातारी काय समजायचं ते समजली. उठली, ओटीवर गेली, सूप पुढ्यात घेतलं. मुलगा हळू आवाजात मला म्हणाला, "आबा, बघितलंत ना? घडलंच नाही ते तिला दिसतंय. हे नुसतं विसरणं नाही."

मला रात्री ते गिळवेना. माझी हार-जीत बाजूला राहिली. माणूस विसरतो तेव्हा सगळंच पुसट होतं. हिला शेळी आठवते, सासू आठवते, गाणी ओळीनं आठवतात. चुकतं ते फक्त डावं-उजवं. आणि दर वेळी चुकतं! एकदा तरी चुकून बरोबर यायला नको?

सकाळी तिच्याजवळ जाऊन बसलो. "एक विचारतो. दुसऱ्या सिनेमातली माणसं कशी जेवायची?"

तिनं वर बघितलं नाही. "डाव्या हातानं."

"सगळी?"

"सगळी. राजा काय, भिकारी काय. आन् बायांचा पदर उजव्या खांद्यावर. आमी आपसात म्हणायचो, सिनेमावाल्यांत तशीच रीत असंल. त्यांचं कुटं आपल्यासारखं असतंय?"

"मग टीव्हीवर तर उजव्या हातानं जेवतात."

"मला वाटलं, आता सुधारली."

मला हसू फुटलं. ती चिडली. पण माझं डोकं भलतीकडंच धावायला लागलं होतं. "तंबूत तू बसायचीस कुटं?"

"बायांत. दुसरं कुटं बसणार? तुमच्या मांडीवर?"

बायांत! म्हणजे पडद्याच्या मागं. आताच्या माणसांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण आमच्या जत्रेतल्या तंबूत पडदा मधोमध टांगलेला असायचा. अलीकडं मशीन आणि गडीमाणसं, पलीकडं बाया. कापड पातळ, चित्र दोन्हीकडून दिसायचं. गाणं तेच, गोष्ट तीच. पण कापडाच्या मागून बघितलं तर डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. सुरुवातीची नावंसुद्धा त्यांना उलटी दिसायची, पण त्या बायांत वाचायला येत होतं कुणाला? आम्ही गडीही बाहेर आल्यावर मारामारीवर बोलायचो, कोण कुठल्या हातानं जेवला ह्यावर कधी बोललो नाही. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघांनी वेगवेगळे सिनेमे बघितले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

सुनेला सांगितलं तर ती हातातलं लाटणं तसंच धरून ऐकत राहिली. मग तीच म्हणाली, "आबा, आरशात बघितलं तर?"

संध्याकाळी मुलगा कामावरून आल्यावर त्याला हातपाय धुऊ दिले नाहीत. सगळी आतल्या खोलीत, कपाटाच्या आरशासमोर. सुनेनं मोबाइलवर तोच सिनेमा लावला आणि आरशाकडं तोंड करून धरला. म्हातारी येत नव्हती. "पुन्यांदा माझी शोभा करायची हाय का?" म्हणाली. मी म्हणालो, "ह्या वेळी झाली तर माझी होईल." ह्या लोभानं आली.

आरशात देऊळ उजव्या अंगाला होतं. डाकूनं डाव्या हातानं बंदूक उचलली. तो जेवायला बसला आणि डाव्या हातानं भाकरी मोडली. ती आरशाच्या इतकी जवळ गेली की काच तिच्या श्वासानं धुरकटली. पदरानं पुसून परत बघायला लागली.

"हाच तो," म्हणाली. "तरी मी म्हणत होते."

मी मुलाला म्हणालो, "आता बोल. हिनं जे बघितलं तेच हिच्या डोक्यात हाय. तसूभर हललेलं न्हाई."

मुलगा माझाच, लगेच मानेल कसा? "सिनेमाचं पटलं, आबा. पण गॅस तर राहिलाच होता."

"व्हय, राहिला," म्हातारी आरशातूनच बोलली. "तुझा बाप हाका मारत होता, अगं ये, घोडा दरीत पडतोय, लवकर ये. घोडा बघायला पळाले मी."

सून तोंडाला पदर लावून हसली. तसं झालं असेलही. घोडा खरंच चांगला पडला होता.

मुलगा कॉटवर बसला. "तपासणी मात्र करायची, आई. माझ्या जिवाला घोर नको."

"कर की. मी न्हाई म्हणते का? डॉक्टर काय खातोय मला? पन तोवर मला सुपापुढं बांधून ठिवू नगंस."

तो उठून हातपाय धुवायला गेला. नाही मात्र म्हणाला नाही.

मला वाटलं, विषय संपला. पण रात्री जेवताना तीच म्हणाली, "तुमी सगळी म्हणताय, बाया उलटं बघत होत्या. कशावरून? मशीन तुमच्याकडं होतं म्हणून तुमी सुलटे व्हय?"

मी म्हणालो, "माणूस उजव्या हातानं जेवतो म्हणून."

"त्ये झालं जेवणाचं. गोष्टीचं काय? तुमाला तो डाकू लय शूर वाटला हुता. आमाला सगळ्या बायांना तो येडा वाटला. बायकू बिचारी दारात उभी आन् ह्यो डोंगरात घोडं नाचवतोय."

मी तो सिनेमा तीन-चारदा तरी बघितलाय आणि दारात उभी राहिलेली बायको मला आठवेना. दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत लावायला सांगितला. आहे. डाकू घोड्यावर बसतो, गाणं सुरू होतं आणि मागं, लहानशी, दारात ती उभी आहे. गाणं संपेपर्यंत उभी आहे. आम्ही गडी तिकडं घोडा बघत शिट्ट्या मारत होतो. बाकीच्या सिनेमांतलं असं काय काय माझ्या नजरेतून निसटलं असेल, ह्याचा मला आता घोर लागलाय. डाकू शूर होता हे माझं मत मात्र कायम आहे. थोडा येडाही असेल.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी दव वाळायच्या आत म्हातारीनं फडकं कमरेला बांधलं आणि पायात चपला घातल्या. मुलगा अंगणात गाडी पुसत होता. त्यानं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं फडकं झटकलं, परत पुसायला लागला. दारातून सून म्हणाली, "आई, मोबाईल घेतलात का?"

"घेतलाय. बोगद्यात लागत न्हाई तो, पल्याड गेल्यावर लागतो."

"भाजी किती आणताय?"

"खुडीन तेवढी. आन् ह्यांना दुपारी सिनेमा लावून देऊ नगंस मी आल्याबिगर," असं म्हणून ती निघाली. बोगद्याच्या तोंडापर्यंत आमच्या ओटीवरून दिसतं. ती आत शिरेपर्यंत मी बघत होतो, आणि मुलगाही बघत होता, हातातलं फडकं तसंच धरून.